रस पेल्यात, साल चॉकलेटात

घरी चॉकलेट करण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानातही चॉकलेटच्या लाद्या, बटर पेपर आणि सिलिकॉनचे साचे मिळू लागले आहेत. या हौसेतला सर्वांत सोपा प्रकार म्हणजे चॉकलेट बार्क. त्याला साचासुद्धा लागत नाही. वितळवलेले चॉकलेट बटर पेपरवर पातळ पसरायचे, वर सुकामेवा किंवा फळे पेरायची आणि घट्ट झाले की हाताने वेडेवाकडे तुकडे मोडायचे. बदाम-पिस्ते घालून हा प्रकार सहसा बिघडत नाही. बिघडतो तो संत्रे, मोसंबी, लिंबू अशी आंबट फळे त्यात आणायला गेले की. चॉकलेट ऐन वेळी आळून त्याचा भरड गोळा होतो, किंवा तुकडे आधी छान दिसतात आणि दुसऱ्या दिवशी ओलसर होऊन त्यांवर पांढरे डाग पडतात. मग चॉकलेट निकृष्ट होते किंवा फळ फार रसाळ होते, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक दोघेही निर्दोष असतात. चूक होते ती फळाचा कोणता भाग घ्यायचा हे ठरवताना. चॉकलेटला फळाचा रस आणि ताजा गर चालत नाही; त्याला हवी असते ती साल. आंबटपणा हवा असेल तर तोही कोरड्या रूपातच द्यावा लागतो. ही एक गोष्ट पक्की कळली की पुढची कृती आपोआप सुचते.

आधी रस का चालत नाही ते पाहू. चॉकलेट वितळल्यावर प्रवाही दिसते, पण त्यात पाणी जवळजवळ नसते. ते वजनाच्या साधारण एक टक्क्याच्या आतच असते. साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण कोको बटर या स्निग्ध पदार्थात तरंगत असतात आणि त्या स्निग्धतेमुळेच एकमेकांवरून सहज घसरत राहतात. त्यात चमचाभर रस पडला की साखरेचे कण ते पाणी ओढून घेतात, चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. चकाकणारे चॉकलेट काही क्षणांत ओल्या मातीसारखे घट्ट होते. संत्र्याच्या गरात साधारण ८७ टक्के पाणी असते, म्हणजे रस घालणे हे बहुतांशी पाणी घालणेच ठरते. ‘मग गरम साय किंवा रस घालून केलेले चॉकलेट गुळगुळीत कसे राहते?’ असा प्रश्न येथे पडेल. तिथे द्रव पदार्थ भरपूर असतो; सगळी साखर विरघळते आणि चॉकलेटचे रूपच पालटून मऊ गनाश तयार होते. ते केकवर ओतायला उत्तम, पण कडकन मोडणारा तुकडा त्यातून कधीच मिळणार नाही.

आता साल का चालते ते पाहू. संत्र्याच्या सालीकडे नीट पाहिले तर तिच्यावर बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या होत. साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की ठिणग्या उडतात. त्या याच तेलाच्या. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन नावाच्या द्रव्याचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक असतो आणि ज्याला आपण संत्र्याचा वास म्हणतो, तो प्रामुख्याने या तेलातूनच येतो. रसात साखर, आम्ल आणि पाणी असते. वास मात्र सालीच्या मानाने बेताचाच. हे तेल पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज मिसळते. कोको बटर हा स्निग्ध पदार्थच आहे. म्हणून सालीचा सुगंध चॉकलेटमध्ये मुरतो आणि तोंडात कोको बटर वितळू लागले की त्याच्याबरोबर सुटा होतो. चॉकलेटच्या व्यवसायाने ही गोष्ट कधीच ओळखली आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या टेरीज कंपनीने १९३२ मध्ये बाजारात आणलेले संत्र्याच्या आकाराचे आणि स्वादाचे चॉकलेट आजही विकले जाते. त्याचा स्वाद संत्र्याच्या तेलातून येतो. फ्रान्समधली ‘ओरांजेत’ ही नावाजलेली मिठाई तर पाकवलेल्या सालीच्या काड्या चॉकलेटमध्ये बुडवूनच करतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: साल कडू असते. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. वरचा रंगीत पापुद्रा सुगंधी असतो; कडवटपणा प्रामुख्याने त्याखालच्या पांढऱ्या थरात आणि बियांत असतो. लिमोनिन (वरचे सुगंधी लिमोनीन नव्हे) आणि नरिंजिन या द्रव्यांचा तो गुण. पपनसाच्या जातीच्या फळांत नरिंजिन अधिक. यावर दोन उपाय आहेत. वरचा पापुद्राच तेवढा किसणीवर हलक्या हाताने किसून घेणे हा एक. दुसरा म्हणजे सबंध साल उकळून तिचा कडवटपणा काढणे आणि मग ती साखरेत पाकवणे. दुसऱ्या उपायाला वेळ लागतो, पण बार्कवर चावून खायला काहीतरी मिळते, म्हणून दोन्ही उपाय एकत्र वापरणे उत्तम. शिवाय कडवटपणा अगदी शून्यावर आणण्याची गरजही नाही. कोकोला स्वतःचा कडवटपणा असतोच आणि किंचित कडसर साल त्याच्याशी जुळते.

साल पाकवण्याची रीत अशी. पाच-सहा संत्र्यांची साधारण २०० ग्रॅम साल घ्यावी. आतले तंतू आणि सुटा होणारा पांढरा भाग काढून तिच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. थंड पाण्यात घालून उकळी आणावी, पाच मिनिटे उकळू द्यावे आणि पाणी फेकून द्यावे. संत्र्यासाठी असे दोनदा, मोसंबीसाठी तीनदा आणि पपनसासाठी चारदा करावे. प्रत्येक वेळी ताजे थंड पाणी घ्यायचे. तेच पाणी पुन्हा वापरले तर कडवटपणा सालीतच परत जातो. नंतर २५० ग्रॅम साखर आणि २५० मिलिलिटर पाणी एकत्र करून त्यात साल मंद आचेवर शिजवावी. पाऊण तासात पट्ट्या पारदर्शक दिसू लागतात आणि पाक एकतारी होतो. त्या जाळीवर काढून निथळू द्याव्यात आणि पंख्याच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस सुकवाव्यात. बोटाला चिकटेनाशा झाल्या की त्या तयार. या कृतीत सालीतल्या पाण्याची जागा साखर घेते आणि जे थोडे पाणी उरते त्यालाही ती धरून ठेवते. मोरावळा वर्षभर टिकतो तो याच न्यायाने. घाईने ओलसर पट्ट्या वापरल्या तर सारी मेहनत वाया जाते, म्हणून सुकवण्याच्या वेळेत काटकसर करू नये. उरलेला पाक सरबतात वापरता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सालीत सुगंध असेल, पण आंबटपणा कुठे? तो तर रसातच असतो. लिंबाच्या रसात साधारण सहा ते आठ टक्के सायट्रिक आम्ल असते आणि आपण रसच वगळला. पाकवलेली साल तर उलट गोडच होते. तेव्हा आंबटपणाची सोय वेगळी करावी लागते आणि ती पाण्याशिवाय करता येते. खमण ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिडच, आणि ते कोरड्या स्फटिकांच्या रूपात किराणा दुकानात मिळते. ४०० ग्रॅम चॉकलेटला पाव लहान चमचा लिंबूसत्त्व पुरे. ते एक मोठा चमचा साखर आणि वाळवलेल्या सालीच्या किसाबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक करावे. ही पूड चॉकलेटमध्ये ढवळायची नाही. चॉकलेट अर्धवट आळल्यावर वरून भुरभुरायची. याला कारण आहे. लिंबूसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळत नाही, त्यामुळे आत घातले तर कण दाताखाली कचकचतात आणि त्यांची चव उशिरा लागते. वर असले तर जिभेला पहिला स्पर्श आंबटाचा होतो, मग कोकोचा, आणि शेवटी सालीचा सुगंध दरवळतो. कोकोच्या बिया आंबवून तयार केलेल्या असल्याने चॉकलेटमध्ये थोडी आम्लता मुळातच असते; म्हणून हा वरचा आंबटपणा उपरा वाटत नाही. सोबत चिमूटभर मीठ असावे. ते कडवटपणा कमी भासवते आणि गोडीला उठाव देते.

सालीचा किस करताना एक काळजी घ्यावी. ताज्या किसातही पाणी असते. तो बटर पेपरवर पातळ पसरून सावलीत, पंख्याखाली रात्रभर ठेवला की कुरकुरीत होतो. कडक उन्हात किंवा गरम ओव्हनमध्ये घाईने वाळवू नये; उष्णतेने तेल उडून जाते आणि हाती नुसता चोथा उरतो. बाटलीतला स्वाद वापरायचा तर लेबल वाचून खाद्योपयोगी संत्रा तेलच घ्यावे. बाजारातले अनेक इसेन्स तेलावर आधारित नसतात आणि पाण्याने जे होते तेच त्यांनीही होऊ शकते. तेलाचेही आठ-दहा थेंब पुरतात. त्याहून जास्त घातले तर चॉकलेट मऊ पडते आणि वास औषधी वाटू लागतो.

फळांच्या निवडीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या कामासाठी पहिला मान संत्र्याचा. त्याची साल सैल असते, हाताने अखंड सुटते आणि तिच्यातला पांढरा थर पातळ असतो. वरुड-मोर्शी आणि नागपूर भागातला आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, मृग बहार त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे चॉकलेटला अनुकूल असे थंडीचे दिवस आणि संत्र्याचा हंगाम एकाच वेळी येतात. मोसंबीच्या सालीचा वास सौम्य असतो, म्हणून ती पांढऱ्या चॉकलेटवर शोभते. गडद चॉकलेटमध्ये ती हरवते. कोकणात मिळणाऱ्या पपनसाची साल जाड असते. तिच्यातला कडवटपणा काढायला वेळ लागतो, पण पाकवल्यावर ती अतिशय रसरशीत लागते. कागदी लिंबाची साल पातळ आणि तीव्र वासाची. ती पाकवण्यापेक्षा किसून वाळवावी. फळ घेताना रंगापेक्षा सालीचा ताजेपणा पाहावा. नखाने हलके खरवडल्यावर वास आला पाहिजे. सुरकुतलेल्या सालीतले तेल बरेचसे उडालेले असते.

साल खायची म्हटली की कीटकनाशकांची शंका येते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. परदेशातून आलेल्या चकचकीत फळांवर बहुधा मेणाचा लेपही असतो. शक्य असेल तर फवारणीबद्दल खात्री देणाऱ्या बागायतदाराकडून फळ घ्यावे. एरवी फळ कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, मऊ ब्रशने घासावे, वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. पाकवायची साल नंतर उकळून तिचे पाणी फेकले जाते, हा आणखी एक फायदा. या उपायांनी पृष्ठभागावरचा अंश कमी होतो, संपूर्ण जातोच असे नाही. म्हणून अगदी लहान मुलांसाठी करताना खात्रीचे फळ नसेल तर बदाम-मनुक्यांचे बार्क करावे, हे प्रामाणिक उत्तर.

चॉकलेटच्या निवडीत सोय आणि चव यांची ओढाताण असते. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लाद्या बहुधा ‘कंपाउंड’ असतात. त्यांत कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असते. वेष्टनावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, तेव्हा ती वाचली की फरक लगेच कळतो. कंपाउंडचे समर्थक म्हणतात की ते वितळवून ओतले की झाले, तापमानाची कटकट नाही, आणि उन्हाळ्यातही तग धरते. हे मान्य. मे महिन्यात मुंबईच्या घरात, वातानुकूलन नसताना, कंपाउंडच व्यवहार्य. पण कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते आणि त्याच क्षणी त्यात मुरलेला सालीचा सुगंध मोकळा होतो. कंपाउंडमधली चरबी बहुधा इतक्या झटकन वितळत नाही. जिभेवर मेणचट थर राहतो आणि सुगंध अडकून पडतो. ज्याच्यासाठी एवढी साल पाकवली तो सुगंधच कोंडायचा असेल तर खटाटोप कशाला? संत्र्यासाठी ५५ ते ६५ टक्के कोकोचे गडद चॉकलेट, लिंबासाठी पांढरे, ही निवड सहसा चुकत नाही.

कोको बटरचे चॉकलेट घेतले की ‘टेम्परिंग’ टाळता येत नाही. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचवा प्रकार चमकदार, कडक आणि हाताला न चिकटणारा. तो मिळवण्यासाठी तापमानाला वळण लावावे लागते. डिजिटल थर्मामीटर घेतला तर हे काम भीतीदायक राहत नाही. ४०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून त्यातला एक तृतीयांश भाग बाजूला ठेवावा. उरलेले उकळत्या नव्हे, तर गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या कोरड्या वाडग्यात ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवावे. वाडगा खालच्या भांड्याहून मोठा असावा, म्हणजे कडेने वाफ आत शिरत नाही. लाकडी चमच्यात ओल मुरलेली असू शकते, म्हणून सिलिकॉनचा चमचा बरा. वाडगा उतरवून, त्याचा तळ पुसून, बाजूला ठेवलेले चॉकलेट थोडे थोडे घालत ढवळत राहावे. न वितळलेल्या या चॉकलेटमध्ये योग्य स्फटिक आधीच असतात. ते बाकीच्याला तसेच गोठायला लावतात. गडद चॉकलेट ३१-३२, दुधाचे २९-३० आणि पांढरे २८-२९ अंशांवर आले की तयार. दुधाचे आणि पांढरे वितळवताना मात्र ४५ अंशांच्या वर नेऊ नये. सुरीच्या टोकावर थोडे घेऊन पाहावे. थंड खोलीत ते पाचेक मिनिटांत चमकदार गोठले तर काम जमले.

लगेच ते बटर पेपरवर साधारण २५ बाय ३० सेंटिमीटर आकारात पसरावे. थर सुमारे चार मिलिमीटरचा होतो. याहून जाड झाला तर तोडताना हाताला त्रास, पातळ झाला तर साल जड पडते. पृष्ठभाग ओलसर असतानाच पाकवलेल्या सालीचे ७०-८० ग्रॅम तुकडे आणि भाजलेले पिस्ते किंवा बदाम हलके दाबून बसवावेत. दोन-तीन मिनिटांनी, चमक थोडी मंदावल्यावर, आंबट पूड आणि मीठ भुरभुरावे. फार लवकर टाकली तर पूड बुडते, फार उशिरा टाकली तर चिकटत नाही. सजावटीची गर्दी मात्र टाळावी. साल, एक सुकामेवा आणि मीठ पुरेसे आहे. वेलची, केशर, मिरी सगळे एकाच लादीवर आले की सालीचा वास ओळखू येत नाही.

तरीही कुणी विचारेल, छायाचित्रांत चॉकलेटवर ताज्या संत्र्याच्या फोडी किती सुंदर दिसतात, त्या का घालू नयेत? पाहुणे दारात आले असतील आणि तासा-दोन तासांत ताट रिकामे होणार असेल तर जरूर घालाव्यात. पण फोड रस सोडते, रसात पृष्ठभागावरची साखर विरघळते, आणि ते तुकडे साठवले तर फोडीभोवती ओल धरून बुरशीला निमंत्रण मिळते. गोल चकत्यांचेच रूप हवे असेल तर तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या बिया काढून ओव्हनमध्ये ९० अंशांच्या आसपास तीन-चार तास, पूर्ण कोरड्या होईपर्यंत सुकवाव्यात. दुसरी शंका दूध आणि आंबट एकत्र आल्याची. दूध फाटते ते पाण्यात, आम्लाने त्यातील केसीन एकत्र येऊन. दुधाच्या किंवा पांढऱ्या चॉकलेटमधली दुधाची भुकटी कोको बटरने वेढलेली असते आणि आपले आम्लही कोरडे आहे, त्यामुळे लादी फाटण्याचा प्रश्न येत नाही. विरुद्ध आहाराचे पथ्य पाळणाऱ्यांनी दुधाची भुकटी नसलेले गडद चॉकलेट घ्यावे.

साठवणीत शत्रू एकच, ओल. लादी शक्यतो २० ते २२ अंशांच्या खोलीतच घट्ट होऊ द्यावी. घर गरम असेल तर फ्रिजमध्ये दहा मिनिटे पुरेत. तासन्‌तास ठेवून बाहेर काढली की हवेतले बाष्प तिच्यावर जमते, साखर विरघळून पुन्हा सुकते आणि खरखरीत पांढरा थर येतो. पांढरा थर बोटाने चोळल्यावर पुसला गेला तर दोष टेम्परिंगचा, खरखरीत लागला तर ओलीचा. पुढच्या वेळी काय सुधारायचे ते यावरून ठरवावे. तुकडे बटर पेपरच्या थरांत, हवाबंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी ठेवले तर तीन-चार आठवडे चांगले राहतात. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात हा उद्योग हाती न घेतलेलाच बरा. पाकवलेली साल आणि लिंबूसत्त्वाची पूड दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात.

एवढ्या सालीसाठी दोन दिवस घालवायचे का, हा शेवटचा प्रश्न उरतो. साल पाकवण्याचे प्रत्यक्ष काम दीड तासाचे. बाकीचा वेळ ती आपली आपण सुकते, आणि एकदा केलेल्या पट्ट्या हवाबंद बरणीत महिनाभर सहज टिकतात. खर्च म्हणाल तर जो भाग केराच्या डब्यात जातो, तोच येथे मुख्य घटक आहे. म्हणून या हंगामात संत्री आणाल तेव्हा रस खुशाल प्या. साल मात्र धुऊन बाजूला ठेवा आणि थंडी आहे तोवर एक लादी करून पाहा.